एकट्याने उतरू नये

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, आणि दोन बायकांना राहते घर मी मिळवून दिले. यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. तुम्हीही ठेवू नका. पण तलावात पाय सोडून बसलाच आहात, तर ऐका.

मित्रांनो, रंगाऱ्याने निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले, 'खोली ९ फूट. एकट्याने उतरू नये.' अक्षर इतके वळणदार, की लोक पोहायचे विसरून मला वाचत उभे राहत. मला या इमारतीच्या पोहण्याच्या तलावाशी भिंतीवर ठोकले. पलीकडे समुद्रही होता. एवढा मोठा, पण त्याला पाटी नाही. म्हणून मी त्याला फारसे मोजत नसे.

एका वर्षी भिंतीला रंग द्यायचा म्हणून मला उतरवले आणि फाटकाशी टेकवून ठेवले. नेमकी माझ्या डोक्यावर दुसरी पाटी होती, 'भाड्याने देणे आहे.'

त्या दिवशी एक नर्सताई आल्या. त्यांची या शहरात नुकतीच बदली झाली होती आणि 'एकट्या बाईला जागा देत नाही' म्हणून चार घरांनी त्यांना परत पाठवले होते. त्यांनी वरची पाटी वाचली, मग मला वाचले, आणि खांद्यावरची पिशवी जमिनीवर टेकवली.

"नऊ फुटांची खोली," त्या रखवालदारमामांना म्हणाल्या, "आणि तीही एकटीला नाही. म्हणजे हे पाचवं घर."

मामांना कमी ऐकू येई. त्यांनी हसून मान डोलावली. ताई, मी पाण्याविषयी बोलते आहे, असे मला सांगायचे होते. पण तेव्हा मी इतकी बोलकी नव्हते.

चौथ्या दिवशी ताई परत आल्या. सोबत एक ट्रंक, आणि ट्रंकेवर बसलेली त्यांची आत्या. या आत्या दूरच्या गावी एकट्याच राहत. 'मला कुणाच्या गळ्यात पडायचं नाही' म्हणून भाचीचे बोलावणे त्यांनी सात वर्षे परतवले होते. आता भाचीचेच अडले, म्हणून आल्या.

"आता आम्ही दोघी आहोत," ताई मामांच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या. "नऊ फुटांतही भागवू."

"अहो ताई, ती पाण्याची खोली. तळ्यात बिऱ्हाड मांडता की काय?" मामा म्हणाले.

मालकीणबाई हसत खाली आल्या. त्यांनी वरची जागा दाखवली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि खिडकीत तलाव नि समुद्र एकावर एक. "तू एकटी असतीस तरी दिली असती गं," त्या म्हणाल्या.

हे ऐकताच आत्यांनी ट्रंकेची कडी धरली. "मग माझं काय काम? संध्याकाळची गाडी मिळेल मला."

मित्रांनो, माझा पत्रा गार पडला. ताईंनी दुसरी कडी धरली. "पाटीचं मोडायचं नाही, आत्या. एकट्याने उतरू नये."

आत्यांनी खिडकीतून खाली पाहिले, बराच वेळ. मग म्हणाल्या, "पाणी स्वच्छ ठेवलंय हो यांनी." आणि ट्रंक आत गेली. अशी माणसे मी दुसरी पाहिली नाहीत.

त्याला बारा वर्षे झाली. आता माझ्या कडा गंजल्या आहेत. तुम्ही माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालता, तेव्हा माझे निम्मे बोलणे झाकले जाते. तेवढे करू नका. आणि पाटी वाचाल तेव्हा शेजारची पाटी तिच्यात मिसळू नका. अर्थात मिसळलीत, तर कधी कधी भलेही होते.

आणि या आत्या आज आहेत, त्याही माझ्यामुळेच. एकदा वादळात त्या याच तलावात बुडत होत्या. मी भिंतीवरून खिळ्यांसकट उडी घेतली, नावेसारखी तरंगत गेले, आणि मला धरून त्या काठाला...

"पत्र्याची पाटी तरंगते होय गं?" केस पुसत आत्या मागून म्हणाल्या. "वाऱ्यानं पडून तळाशी जाऊन बसली होतीस. नऊ फूट बुडी मारून वर कुणी काढली तुला?"