ओला मिटलेला दांडा

धाकट्याने दांडा खाटेवर दादाच्या पायांशेजारी आडवा ठेवला आणि दोन्ही तळवे पँटीला पुसले.

"निघत नाही," तो म्हणाला. "दुसरी नळी पहिलीत घट्ट बसलीय. सगळं करून पाहिलं."

भिंतीकडे तोंड करून पडलेला दादा हलला नाही.

काचा पुसायचा दांडा होता तो. ॲल्युमिनियमच्या चार नळ्या, एकात एक सरकणाऱ्या. मिटला की माणसाएवढा, उघडला की तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला जाऊन टेकणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या काचा दोघा भावांनी याच दांड्याने लख्ख ठेवल्या होत्या. वर बघत दांडा फिरवायचा दादाने, खाली बादली सांभाळायची धाकट्याने. मग एका सकाळी दाढी करता करता दादाच्या हातून वस्तरा गळून पडला आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय थोडा परत आला, बोलणं कडेकडेने परत आलं, हात मात्र आला नाही. आता याहून फारसा फरक पडायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि घरी येताच दादाने तोंड भिंतीकडे केलं. तेव्हापासून वहिनी घास पुढे करायची. कधी तोंड उघडायचं, कधी नाही. माणूस रुसला तर त्याची समजूत घालता येते. हा रुसला नव्हता. दिव्याची वात ओढून घेतल्यासारखा हळूहळू आत चालला होता.

सगळं करून पाहिलं, हे धाकट्याचं बोलणं खरं नव्हतं. नळी अडकवली होती त्यानेच. साबणाच्या पाण्यासकट दांडा मिटला होता, वर खिडकीच्या कठड्यावरची बारीक रेती चिमूटभर आत सोडली होती आणि दांडा उन्हात टाकून दिला होता. दादाला बाकी काहीही सहन व्हायचं, हत्याराची हेळसांड व्हायची नाही. तो चिडेल, शिव्या घालेल, उठून बसेल, एवढाच धाकट्याचा हिशेब. देवाला सांगून, त्याची माफी मागून त्याने हे केलं होतं. पण काल गुपचूप सोडवून बघायला गेला, तर नळी खरोखरच निघेना. उद्या सकाळी नव्या दुकानाच्या दर्शनी काचा पुसायच्या होत्या, आणि दुसरा दांडा घरात नव्हता.

"मग तेल सोडतो आत," तो जरा मोठ्याने म्हणाला. "शिलाई मशीनचं आहे वहिनींकडे. भरपूर सोडलं की निघेल."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी कान देऊन उभी असावी.

"तेल?" भिंतीकडून आवाज आला. शब्द जड होता, ओठांच्या एका कडेने निसटलेला. "गाढवा. तेल घातलंस की धूळ कायमची राहायला येईल."

वहिनी दारात आली. ओला हात तिने तसाच पदराला धरून ठेवला होता. धाकट्याने तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"मग काय करू? तूच सांग."

दादाने डाव्या कोपरावर जोर दिला. त्याला बसतं करायला वहिनी पुढे झाली, तशी त्याने मान हलवून तिला थांबवलं. वेळ लागला. पण तो बसला. दांडा मांडीवर ओढून घेऊन त्याने डाव्या हाताचा अंगठा सांध्यावरून सावकाश फिरवला, मग अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून पाहिलं. पांढुरकी भुकटी बोटावर उतरली होती. त्याने एकदा धाकट्याकडे पाहिलं. धाकटा फरशीकडे पाहत होता.

"पाणी तापव," दादा वहिनीला म्हणाला. "कडक. आणि फ्रीजमधलं गारही आण."

सांध्यावर नळ्या आवळून धरणारी पेचाची कळ पूर्ण सोडून बाजूला ठेवायची. बाहेरच्या नळीभोवती कढत पाण्यात बुडवलेलं फडकं गुंडाळायचं, आतल्या नळीच्या बाहेर राहिलेल्या टोकावर गार फडकं. बाहेरची नळी उष्णतेने फुगेल, आतली आक्रसेल, मध्ये केसाएवढी जागा होईल. दादा एकेक वाक्य सांगत होता, मध्ये दम खात होता. धाकट्याची बोटं भाजत होती आणि त्याला ते बरं वाटत होतं.

"आता एकाने धरा, एकाने फिरवा."

"मी धरू?" वहिनी म्हणाली. "अहो, माझ्या हातात कसला आलाय जोर?"

"मला रोज उचलून बसवतेस, ते कशाने?"

वहिनीने पदर खोचला. खाली बसकण मारून तिने बाहेरची नळी गुडघ्यांत आवळली, वरून दोन्ही हातांनी धरली.

धाकट्याने आतली नळी ओढली.

"ओढू नको!" दादा ओरडला. खरंच ओरडला. "ओढून कुणी ऐकतं का? आधी पीळ. थोडा इकडे, थोडा तिकडे. हात आहेत का खुंट्या?"

"खुंट्याच आहेत," धाकटा म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. वहिनीही हसली, नळी गुडघ्यांतून निसटली, दादाने कपाळाला हात लावला. पुन्हा कढत फडकं, पुन्हा गार. थोडा इकडे, थोडा तिकडे. मग आत कुठेतरी रेती कुरकुरली. नळी नखभर फिरली, आणखी थोडी फिरली, आणि एकदम मऊपणाने बाहेर आली.

"निघाली!" वहिनी टाळी वाजवायचीच बाकी होती. तिने घमेलं, फडकी उचलली आणि ती आत गेली; आज तिच्या चालण्यातच गाणं होतं.

धाकट्याने नळी स्वच्छ पुसली, सांधा पुसला. वर पाहिलं तर दादा त्याच्याकडेच बघत होता. वाकडा झालेला चेहरा सैल पडला होता. ओझं पोचवून झाल्यावर हमालाचा चेहरा होतो तसा.

"झालं," दादा म्हणाला. "आता तुला सगळं येतं."

धाकट्याचे हात थांबले.

"कुठलं येतंय! चौथी नळी अडकली तर?"

"हेच करायचं."

"आणि उद्या ते दुकान... तिथे कोपऱ्यातल्या काचेवर दांडा नीट टेकत नाही."

"एक पाऊल मागे सर, टेकेल." दादाने श्वास घेतला. "सारखं वर बघून मान धरते. मधून मधून खाली बघत जा. एवढंच सांगायचं राहिलं होतं."

"दादा, असं नको बोलूस."

"आणि बारक्या, मुद्दाम ओला मिटू नको पुन्हा. वस्तूने काय घोडं मारलंय तुझं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर धाकट्याने पाय धरले असते. दादाने डाव्या हाताने उशी सारखी केली, सावकाश आडवा झाला आणि भिंतीकडे वळला. त्याच्या पाठीवर सदऱ्याची चुणी पडली होती, ती श्वासाबरोबर वरखाली होत होती, अगदी निवांत.

आपण त्याला उठवायला गेलो आणि त्याचं शेवटचं काम उरकून दिलं, हे धाकट्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्याने दांडा भिंतीला टेकवला, पुन्हा उचलला. हाताला काहीतरी हवं होतं म्हणून तिसरी नळी वर ओढली. ती सळसळत बाहेर आली, एकदाही न अडखळता. तितक्याच सहज त्याने ती आत सारली.

"दादा," तो म्हणाला. "तिसरी पण अडकलीय."

पाठ हलली नाही.

पायरव झाला म्हणून त्याने वळून पाहिलं. वहिनी दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिची नजर दांड्यावर होती, मग ती खाटेकडे गेली आणि तिथेच राहिली. चेहऱ्यावरचं गाणं कधीच उतरलं होतं.

"घट्ट बसलीय का हो भाऊजी?" तिने विचारलं, खाटेवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"फार घट्ट."

"बरं," ती म्हणाली. "पाणी ठेवते पुन्हा तापायला."