व्हिएन्नाला न्यायचा डबा

मित्रांनो, मी एक जुना ॲल्युमिनियमचा डबा आहे. माझ्या झाकणाला पोचा आला आहे आणि एक कडी सैल आहे. चारचौघांत स्वतःची ओळख करून द्यायला मला लाजच वाटते. पण बोलायला तोंड उघडलेच आहे, तर सांगून टाकतो.

माझा जन्म मोराव्हियातल्या एका कारखान्यात झाला. ब्रेत्स्लाव या सरहद्दीवरच्या गावाच्या स्टेशनावर काम करणाऱ्या बोहुमिल नावाच्या सांधेवाल्याने मला विकत घेतले. त्याची बायको व्लास्ता रोज माझ्यात रिझेक भरायची. रिझेक म्हणजे डुकराच्या मांसाचे पातळ काप, अंड्यात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले. सोबत पाव आणि काकडीचे लोणचे. आमची माणसे तळ्यावर जावोत नाहीतर समुद्रावर, आधी रिझेक तळतात आणि मग बूट शोधतात.

तेव्हा माझा मोठा रुबाब होता. माझे झाकण उघडले की बोहुमिलचे सोबती नाक वर करून म्हणायचे, "बोहुमिल, तू मेलास की हा डबा माझ्या नावावर कर हं! बायको दिलीस तरी चालेल!"

बोहुमिल खरेच गेला. मला कोणी मागितले नाही. मी कपाटावर चढलो आणि माझ्या पोटात सुतळीचे तुकडे नि अर्ध्या मेणबत्त्या साठल्या. वर बसल्या बसल्या मला एकच गोष्ट टोचायची. व्हिएन्ना म्हणजे सरहद्दीपलीकडच्या देशाची राजधानी, पण आमच्या गावाहून आगगाडीने तासाभरावर. मी तिथे एकदा जाऊन आलो होतो. पण त्या दिवसानंतर व्लास्ताने पुन्हा तिकडे पाऊल टाकले नाही, आणि तो दोष माझाच, अशी माझी पक्की समजूत होती.

यंदा मे महिन्यातल्या एका रविवारी तिची मुलगी राद्का ब्रनोहून आली. आईच्या वाढदिवसाला दोन दिवस व्हिएन्नाला जायचे, असा तिचा बेत होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन ठेवून ती बेत आखत होती.

"सकाळी राजवाडा, दुपारी चित्रं, संध्याकाळी कॉफीहाउस. संगमरवरी टेबलं आहेत तिथे, आई!"

"माझे गुडघे."

"राजवाड्यात बसायला जागा आहे."

"मांजर?"

"शेजारची यार्मिला बघेल. विचारलंय मी."

"आणि जर्दाळू उतरवायचेत."

"मे महिन्यात? आई, निदान थाप तरी नीट मार!"

 व्लास्ता एकदम म्हणाली, "बरं, येते. पण रिझेक घेऊन." तिने खुर्ची ओढली, मला खाली काढले आणि टेबलावर ठेवले.

राद्का हसायला लागली. "व्हिएन्नाला रिझेक? अगं, लोक जगभरातून तेच खायला तिथे जातात! आणि हे डबडं? हॉटेलातले लोक काय म्हणतील?" तिने मला दोन बोटांनी बाजूला सारले.

"बघ," व्लास्ता म्हणाली. "म्हणूनच मी येत नव्हते."

"म्हणजे?"

"इतकी वर्षं बंद असलेली सरहद्द उघडली त्या वसंतात आपण तिघं गेलो होतो. तू सहा वर्षांची. खिशात कॉफीपुरतेही पैसे नव्हते. बागेत बाकावर बसून हाच डबा उघडला. कुत्रं घेऊन दोन बायका चालल्या होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. तू उठलीस आणि तीन बाकं सोडून जाऊन बसलीस. आमच्याकडे पाठ करून. बाबांनी किती हाका मारल्या, तू वळलीसुद्धा नाहीस."

"मला यातलं काही आठवत नाही."

"मला आठवतं. तुझ्यावर पुन्हा ती वेळ यायला नको, म्हणून मी व्हिएन्नाचं नाव काढत नाही."

"मी सहा वर्षांची होते गं, आई!"

"आणि आत्ता?"

राद्का कानापर्यंत लाल झाली. मला तर धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले. इतकी वर्षे मी माझ्या पोच्याला दोष देत होतो.

 मग राद्काने माझ्यातली सुतळी बाहेर काढली आणि मला नळाखाली धरून घासायला सुरुवात केली. "मांस कुठलं आणू?" तिने खाली मान घालूनच विचारले.

"मानेचं. आणि पातळ ठोक."

निघायच्या दिवशी रिझेक तिनेच तळले. निम्म्यांचे वरचे कवच तेलातच सुटले. "कपडे उतरवून ठेवलेस की त्यांचे," व्लास्ता म्हणाली, पण तिने ते सगळे माझ्यात नीट रचले.

व्हिएन्नाच्या बागेत दुपारचे ऊन होते. राद्काने मला मांडीवर घेतले. झाकणाला हात लावण्याआधी तिने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. व्लास्ताच्या नजरेतून ते सुटले नाही.

"कोण कोण बघतंय ते बघितलंस ना?"

"बघितलं."

"लाज वाटते?"

पोरी, नाही म्हण, असे मी मनातल्या मनात विनवत होतो. एवढे एक खोटे चालले असते.

"वाटते गं," राद्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"मलाही वाटते. तेव्हा तुझ्या बाबांनाही वाटत होती. सरक इकडे, आणि उघड तो डबा. भूक लागलीय मला."

राद्का सरकली. दोघी खांद्याला खांदा लावून जेवल्या. येणारेजाणारे बघत होते, आणि राद्काचे कान शेवटपर्यंत लालच होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे पोचे आलेले डबडे असेल, आणि ते तुमच्यासाठी भरून देणारे कोणीतरी असेल. कधीतरी चारचौघांत तुम्हाला त्यांची लाज वाटेल. वाटली तर वाटू द्या. फक्त उठून जाऊ नका.