चहाला या

नॉरीन हार्करचे गुडघे आता उघड उघड जिन्याला शिव्या द्यायला लागले होते. हनीसकल कॉटेजचा जिना अरुंद आणि वळणाचा, आणि पाहुण्यांना तो फार गोड वाटायचा. गोड वाटायला काय जातं? हातात चादरींचा ढीग आणि काखेत झाडू घेऊन त्यांना थोडाच चढायचा होता!

घर खरं तर तिचंच. लग्न होऊन ती याच घरात आली, याच जिन्यावर एकदा पडली आणि वरच्या खोलीत सासूचं दुखणं काढलं. मग कधीतरी क्लिफने मेंढ्या विकल्या, भिंतींना रंग दिला आणि फाटकावर पाटी ठोकली: सुट्टीसाठी भाड्याने, फक्त जोडप्यांना. तेव्हापासून नवरा-बायको मागच्या, पूर्वी गाडी ठेवायच्या खोलीत. दोन अरुंद खाटा, मध्ये कपाट, कोपऱ्यात शेगडी. पुढच्या घरात मात्र दर शुक्रवारी नवं जोडपं, टबाभोवती मेणबत्त्या, उशीवर चॉकलेट आणि पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस चोचीला चोच लावून. हे राजहंस वळणारीचा हात तिच्या नवऱ्याने शेवटचा कधी धरला होता, ते तिला आठवत नव्हतं. तिनं आठवायचंही सोडून दिलं होतं.

पण हा हंगाम शेवटचा होता. क्लिफने वसंतात तसा शब्द दिला होता. ऑक्टोबर संपला की पाटी उतरवायची आणि आपल्या घरात, आपल्या पलंगावर झोपायचं. त्या एका शब्दावर नॉरीनने अख्खा उन्हाळा ढकलला होता. माळावर हेदरची जांभळी फुलं फुलली कधी आणि तपकिरी पडली कधी, याकडे तिचं लक्षच गेलं नाही.

या आठवड्याचं जोडपं दक्षिणेकडचं, इमोजेन आणि रूपर्ट. लग्नाचा पहिला वाढदिवस साजरा करायला आलेले. क्लिफला अचानक काय पुळका आला कुणास ठाऊक, बुधवारी फाटकाशी त्यांना गाठून म्हणाला, "उद्या आमच्याकडे चहाला या." आणि घरात येऊन नॉरीनला म्हणाला, "चार माणसांचं कर."

म्हणून गुरुवारी तिने चार माणसांची मटण-बटाट्याची पाई करायला घेतली. इकडे उत्तरेत, स्कार्थवेट गावात, चहाला बोलावलं म्हणजे सहाच्या सुमाराला पोटभर जेवायला बोलावलं, हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. क्लिफ माळावरची पडकी भिंत रचायला गेला होता. सहाच्या आत येतो म्हणाला होता.

चारला दार वाजलं.

नॉरीनच्या डोक्याला फडकं, हाताला पीठ, आणि अंगाला फिनाइलचा वास. दारात इमोजेन फुलाफुलांच्या झग्यात उभी, मागे रूपर्ट. त्याच्या हातात चार चिमुकल्या केकची डबी.

"आम्ही फार लवकर तर नाही ना आलो, मिसेस हार्कर?"

नॉरीनने केकच्या डबीकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ही माणसं चहाला आली होती. म्हणजे चहा प्यायला!

"छे गं पोरी, या की," ती म्हणाली आणि कच्च्या पाईवर फडकं टाकून तिने किटली चढवली.

बसायला दोनच खुर्च्या होत्या. नॉरीन खाटेच्या कडेवर टेकली. रूपर्टने खोलीभर नजर फिरवली आणि मनापासून म्हणाला, "तुम्ही इथे राहता? आम्हाला वाटलं, ही अडगळीची खोली आहे."

इमोजेनने त्याला कोपराने ढोसलं.

"अगदी बरोबर ओळखलंस बाबा," नॉरीन म्हणाली. "जुनं सामान ठेवलंय इथं. एक मी नि एक क्लिफ."

तिघं हसली. तेवढ्याने इमोजेनची जीभ सैल झाली. किती छान घर, किती छान शांतता, आणि ते राजहंस तर काय! "आम्ही पुढच्या वर्षीचा हाच आठवडा घेऊनही टाकला," ती म्हणाली. "क्लिफनी परवा सांगितलं, इस्टरपासूनचं सगळं भरत आलंय, उशीर केलात तर मिळायचं नाही. तुम्हाला बोलले असतीलच."

"हो का," नॉरीन म्हणाली.

तिला वाटलं, आता राग येईल. पण रागवायलाही अंगात जोर लागतो. तिला फक्त वाटलं की मागे कलंडावं आणि कुणी कितीही हाका मारल्या तरी उठू नये. तिने मुलांना आणखी चहा ओतला, चिमुकला केक खाल्ला, तो छान आहे असंही सांगितलं. मुलं पबमध्ये जेवायला जायची होती. निघताना इमोजेनने तिच्या गालाला गाल लावला, आणि नॉरीनला उगीचच भरून आलं. पोर चांगली होती. तिचा काय दोष?

सहाला क्लिफ आला. हातपाय धुतलेले, केस पाण्याने चापून बसवलेले.

"पाहुणे कुठायत?"

"येऊन गेले. चारला."

"चारला? चारला कोण मेलं जेवतं?"

"ते जेवायला नव्हते आले. चहाला आले होते."

क्लिफ मांडीवर थाप मारून हसला. "ही दक्षिणेची माणसं म्हणजे ना!" हसता हसता त्याला काहीतरी आठवलं आणि तो थांबला. "मग? काय काय बोलले?"

"इस्टरपासूनचं बोलले."

क्लिफने खुर्ची ओढली. "मी आज सांगणारच होतो तुला."

"त्यांच्यादेखत?"

तो खुर्चीत बसला.

"पाहुण्यांसमोर मी तोंड उघडत नाही, म्हणून बोलावलंस त्यांना. आणि मी सकाळपासून पीठ मळतेय."

"तसं नाही गं..."

"मग कसं, क्लिफ? एकदा सांग तरी."

तो टेबलावरचं पीठ बोटाने गोळा करत बसला. "तू ऑड्रीकडे जाशील म्हणून," तो शेवटी म्हणाला. ऑड्री म्हणजे नॉरीनची बहीण, व्हिट्बीला राहणारी. "गेल्या हिवाळ्यात तू फोनवर म्हणालीस तिला. हे एकदा संपू दे, मग तुझ्याकडेच येऊन राहते. मी ऐकलं."

"अरे देवा! बहिणीशी बोलताना माणूस काहीही बोलतं."

"मला काय ठाऊक? पाहुणे असले की तू असतेस. मला तेवढंच कळतं."

इतक्या वर्षांत तू मला हवी आहेस असं तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि तेही असं. त्याची दया आली तिला, आणि स्वतःचीही. ती सोडून जाईल या भीतीने त्याने तिला कामाला जुंपून ठेवलं होतं. रात्री गुडघ्यांना मलम लावून द्यायचाही तोच.

"जाणार का, असं एकदा विचारायचंस तरी," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं असतं. तेव्हा मी कुठं जाणार नव्हते, क्लिफ. आता जाते."

दोघांनी पाई खाल्ली. चौघांची होती, निम्मी तशीच उरली.

सकाळी ती लहानशी बॅग घेऊन निघाली, तेव्हा क्लिफ फाटकाशी उभा होता. पाहुणे अजून झोपलेले होते.

"आज शुक्रवार आहे," तो म्हणाला. "चादरी?"

"कपाटात."

"आणि ते राजहंस? ते कसे करतात?"

"मान आधी वळायची," नॉरीन म्हणाली. "नाहीतर कोसळतात."

त्याने मान डोलावली. ती थोडी थांबली. थांब म्हणाला असता, तर कदाचित ती थांबलीही असती. पण तो टॉवेलचा विचार करत असावा. तेवढ्यात चढावर बस दिसली.

बसवाला डेनिस तिला ती लहान मुलगी असल्यापासून ओळखत होता. त्याने दार उघडलं, तिची बॅग आत घेतली.

"काय नॉरीन, बहिणीकडे वाटतं? संध्याकाळच्या बसने परत ना?"

"नाही रे," ती म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली. "माझ्या घरात पाहुणे आहेत."