मागचं डावं चाक

"खाली वाक अन् पाह्य! तार निघून आली, तार!" गोपाळराव ओरडले.

देवाजीने वाकून मागच्या डाव्या चाकाच्या आतून हात फिरवला. टायरची बाहेरची नक्षी जवळपास नवी होती. आतली कड मात्र पार गुळगुळीत होऊन तिच्यातून तारा टोचत होत्या. उजवा टायर धड होता. तीन महिन्यांपूर्वी हे दोन्ही टायर त्यानेच बसवले होते आणि अलाइनमेंटही त्यानेच केली होती.

जरीपटका भागातल्या या टायरच्या दुकानात देवाजीला बावीस वर्षं झाली होती. आताचा मालक मोहित याच्या वडिलांनी त्याला कामावर ठेवलं, तेव्हा दोरी ताणून चाकं सरळ करावी लागत. आता चाकांचा कोन मोजणारं कॅमेऱ्यांचं मशीन होतं आणि गल्ल्यावर मोहित होता.

"तू माल खराब दिला, नाही तर यानं काम खराब केलं," गोपाळराव मोहितला म्हणाले. "कळमन्याच्या मार्केटात माझ्या गाळ्यावर पेटीत चार संत्री सडकी निघाली, तर मी अख्खी पेटी परत घेतो. तुमच्यात लाज नावाची चीज आहे का नाही?"

"गरम नका होऊ, काकाजी," मोहित म्हणाला आणि मग आवाज बदलून, "देवाजी, चढव मशीनवर. जल्दी."

गोपाळरावांची सून मयुरा बाजूला उभी होती. ती सावनेरच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि गाडी रोज तीच चालवायची. नवरा पुण्याला होता. सासरा बोलत असताना ती एकदाही मध्ये बोलली नाही.

देवाजीने चाकांना पट्ट्या लावल्या. स्क्रीनवर तीन चाकं हिरवी आली, मागचं डावं लाल. त्याने मशीनमधला जुना रिपोर्ट काढला. तीन महिन्यांपूर्वी चारही चाकं हिरवी होती.

"हे पाहा, साहेब. टायर टाकले त्या दिवशी हे चाक बरोबर होतं. आता ते बाहेर फाकून राहिलं, म्हणून आतून घासून राहिलं. या गाडीच्या मागच्या एक्सलले आवळायले-सोडायले काही नसते. एक्सलच वाकला. गाडी कशाले तरी ठोकली आहे."

गोपाळराव सावकाश सुनेकडे वळले. "ठोकली?"

"नाही, बाबा."

"ठोकली असशील तर आताच सांग. चाबी आजपासून माझ्याजवळ, अन् ती सावनेरची नोकरी बंद. मी पह्यलेच म्हणत होतो, बाईच्या जातीले रोज सत्तर किलोमीटर गाडी कशाले पायजे?"

तोवर देवाजीने चाक उतरवलं होतं. तीन चाकांवरची, नटांपुरती भोकं असलेली झाकणं ओरखडलेली होती, याच्यावरचं नवं कोरं होतं. त्याने ते काढलं. रिमची कड दबलेली होती आणि दबलेल्या जागी पिवळा-काळा रंग रुतून बसला होता. डिव्हायडरचा रंग.

त्याने मान वर केली. मयुरा त्याच्याकडेच पाहत होती.

"गाडी यांनीच पाडली," ती एकदम म्हणाली. "मागच्या महिन्यात मी पंक्चर काढायले आणली होती. जॅक घसरला. केवढा आवाज झाला! या काकांनीच लावला होता जॅक."

देवाजी तसाच उकिडवा राहिला. पंक्चर त्यानेच काढलं होतं. जॅक घसरला नव्हता.

"बाई, काय बोलून राहिल्या तुमी?"

"मी इथंच उभी होती," ती म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता, पेशंटच्या नातेवाइकांना गोळ्यांच्या वेळा सांगाव्यात तसा.

"वा रे वा!" गोपाळराव पुढे झाले. "स्वतः गाडी पाडली अन् माझ्या सुनेवर ढकलून राहिला? नाव काय तुझं?"

"देवाजी."

"पूर्ण नाव सांग."

"देवाजी रंगारी."

"वाटलंच मले," गोपाळराव म्हणाले.

आडनावावरून जात काढलेली मोहितनेही ऐकली, पण तो मोबाइलकडे पाहत राहिला. चाक त्याच्या हातात होतं. नुसतं फिरवून गोपाळरावांच्या नाकासमोर धरायचं होतं. त्याने मयुराकडे पाहिलं. तिने नजर काढून घेतली होती. देवाजीने झाकण रिमवर ठेवलं आणि मुठीने ठोकून बसवलं.

"जॅक घसरला का?" मोहितने विचारलं.

"नाही."

"मग एक्सल कसा वाकला?"

देवाजीने खाली वाकून नट गोळा केले.

"हे बघ, घसरला म्हणून लिहून दे. मी काकाजीले दोन टायर देऊन टाकतो. मॅटर खतम."

"जे झालं नाही ते मी लिहून देणार नाही."

"मग काय झालं ते तरी सांग ना!"

"तुमच्या पप्पांनी बावीस वर्षांत मले कधी असं..."

"पप्पांचं नाव घेऊ नको," मोहित म्हणाला. "उद्यापासून येऊ नको."

देवाजीने चाक चढवलं, पाचही नट आवळले, पाना जागेवर ठेवला. मग तो मयुरासमोर जाऊन उभा राहिला.

"नवीन टायर टाकून फायदा नाही, बाई. एक्सल बदलून घ्या. जोरात ब्रेक मारला तर ही गाडी मागून फिरते. सावनेर रोडले ट्रक असतात."

"चल, हट!" गोपाळराव म्हणाले.

बाराव्या दिवशी दुपारी मयुरा इंदोरा वस्तीत त्याच्या दारात आली. अंगावर दवाखान्याचा पांढरा ड्रेस होता. गाडी तिने गल्लीच्या तोंडाशी लावली होती. देवाजी ओसरीत बसला होता. दोन दुकानांतून नकार घेऊन तो नुकताच आला होता. त्याने तिला बस म्हटलं नाही.

"एक्सल बदलला," ती म्हणाली. "बाबा गावाले गेले होते तेव्हा."

"बरं केलं."

"कोराडीजवळ डिव्हायडरले लागली होती. डबल ड्यूटी करून येत होती. डोळा लागला. तिथल्याच एकाकडून झाकण बदलून घेतलं अन् घरी आली."

"मले माहीत आहे. रिमले रंग होता."

ती बघतच राहिली. "तुम्ही पाहिलं होतं? मग बोलले काहून नाही?"

हे बारा दिवस तो स्वतःलाच विचारत होता. तिची दया आली म्हणावं, तर तेवढंच नव्हतं. रिम दाखवली असती तर गोपाळराव तिच्यावर तुटून पडले असते, आणि पूर्ण नाव विचारणाऱ्या त्या माणसाच्या बाजूला देवाजी उभा राहिला असता. ते त्याला जमलं नसतं. पण हे तिला सांगण्याची त्याची इच्छा नव्हती.

"तुमी काहून बोलल्या, ते सांगा," तो म्हणाला.

"घाबरली होती, काका."

"अन् मी? अठ्ठावन वर्षांचा माणूस मी. कोण ठेवते आता कामावर?"

"मी मोहितभाऊले सांगते."

"चला. आताच्या आता चला." तो उठून उभा राहिला.

मयुरा हलली नाही. "बाबांना समजेल," ती हळूच म्हणाली.

"मग कशाले आल्या इथं? मी 'जाऊ द्या' म्हणावं म्हणून? नाही म्हणत."

त्याची बायको कौसल्या आतून पाण्याचा पेला घेऊन आली. "बस वं बाई, उन्हातून आली."

"त्यांले पाणी नको देऊ," देवाजी म्हणाला.

कौसल्या पेला धरून तशीच थांबली. चाळीस वर्षांच्या संसारात दारी आलेल्या माणसाला पाणी नको म्हणताना तिने नवऱ्याला पहिल्यांदाच ऐकलं होतं. मयुराचे डोळे भरून आले. "येते, काका," म्हणून ती वळली.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. देवाजी चपला न घालताच गल्लीच्या तोंडाशी गेला. मयुराने गाडी मोठ्या रस्त्यावर काढली. तो कडेला उभा राहून दोन्ही मागच्या चाकांकडे बघत राहिला. गाडी रिक्षांच्या आडून पुढे निघाली, चौकापर्यंत सरळ गेली आणि वळली.

कौसल्या त्याच्या मागे येऊन उभी होती. "काय पाहून राहिले?"

"काही नाही," तो म्हणाला. "बसवणाऱ्यानं एक्सल नीट बसवला."