‘इतर’ नावाचं बटण

शिकाऊ म्हणून आलेल्या मुलीला कारखान्यात कुणी फारसं मोजत नाही, आणि सुरुवातीला रोन्या हेबर्लेला त्याचं काही वाटलंही नाही. ती संगणकशास्त्र शिकत होती. कॉलेजच्या नियमाप्रमाणे एक सत्र एखाद्या कंपनीत काढायचं, तिथे खरं काम करायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर उभं राहून आपण काय शिकलो ते सांगायचं. तिच्या वर्गातली बरीच मुलं श्टुटगार्टला मोटारींच्या बड्या कंपन्यांत गेली. रोन्याने मुद्दाम आल्बच्या डोंगरातला हा बिजागऱ्यांचा कारखाना निवडला. तिच्या आजोबांनी याच खोऱ्यात लेथवर उभं आयुष्य काढलं होतं. मशीनच्या तेलाचा वास तिला परका नव्हता.

उत्पादनप्रमुख डॉ. फोल्कमार ब्रुकमान यांनी पहिल्याच आठवड्यात तिला काम समजावून दिलं. पत्र्यातून बिजागऱ्या कापणारे मोठे प्रेस दिवसभरात सारखे थांबतात आणि का थांबतात ते कुणालाच धड सांगता येत नाही, ही त्यांची अडचण. रोन्याने प्रत्येक प्रेसपाशी एक टॅब्लेट लावायचं ठरवलं. प्रेस थांबला की पडद्यावर मोठी बटणं उमटणार: साचा बदलतोय, पत्रा संपला, बिघाड आणि शेवटचं ‘इतर’. कामगाराने एक दाबायचं, बस्स. महिनाभरात कुठे वेळ जातो त्याचं चित्र समोर येणार.

चार नंबरच्या प्रेसवर आन्ते विदाक होता. क्रोएशियाहून तरुणपणी आलेला, आता निवृत्तीकडे झुकलेला, खांदे रुंद, बोलणं मोजकं. रोन्या पहिल्यांदा खाली गेली तेव्हा तिने त्याला अहो म्हटलं, तर तो म्हणाला, ‘‘अहो-जाहो वरच्या ऑफिसात ठेव. खाली सगळे अरे-तुरे. मी आन्ते.’’ मग टॅब्लेटकडे हनुवटी उडवून त्याने विचारलं, ‘‘हे कोण बघणार?’’

‘‘हे मशीनचं आहे, माणसाचं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘यात तुझं नाव कुठेच नाही. मी स्वतः लिहिलाय हा प्रोग्रॅम, मला माहीत आहे.’’

हेच तिने नऊच्या न्याहारीच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं. कामगार समितीची अध्यक्ष गुड्रुन श्टोल तिथे पाव खात बसली होती. माणसांवर नजर ठेवू शकेल असं कुठलंही यंत्र समितीच्या संमतीशिवाय बसवता येत नाही, असा देशाचा कायदाच आहे, आणि गुड्रुन तो झोपेतही म्हणून दाखवू शकली असती. पण ब्रुकमाननी तिला सांगितलं होतं की हा फक्त एका विद्यार्थिनीचा सराव आहे, सत्र संपलं की टॅब्लेट उतरतील, एवढ्यासाठी करारमदार कशाला. गुड्रुनला ते फारसं पटलं नव्हतं. पण पोरीचं सत्र कशाला बुडवा, म्हणून तिने मान डोलावली.

आणि मग काम छान चाललं. हातमोज्यांनी बटणं दबत नाहीत, हे आन्तेने दाखवलं. रोन्याने ती तळहाताएवढी केली. शेजारच्या प्रेसवरची हायके म्हणाली, ‘साहेब खाली आलेत’ असंही एक बटण ठेव, तेव्हा तर सगळंच थांबतं. त्यावर पूर्ण पाळी हसली. रोन्या घरी गेली की आईला याच गोष्टी सांगायची. कॉलेजात लिहिलेला प्रोग्रॅम गुण मिळाले की संपायचा, हा मात्र खरी माणसं वापरत होती.

दर शुक्रवारी ब्रुकमान तिच्याकडून सगळी नोंद मागवून घेत. आलेख काढायचेत, म्हणत. ती पाठवून देई, ते शाबासकी देत.

एका मंगळवारी ती खाली गेली, चार नंबरपाशी थांबली आणि नेहमीसारखं आन्तेला काहीतरी विचारलं. त्याने वळूनही पाहिलं नाही.

‘‘बाजूला व्हा, फ्राउ हेबर्ले. तुम्ही पिवळ्या रेषेच्या आत उभ्या आहात.’’

एकदम अहो-जाहो, वर ‘फ्राउ’, म्हणजे बाई. थोबाडीत बसावी तसं झालं तिला. काय झालं म्हणून ती विचारत राहिली, पण प्रेसचे धपाधप आवाज चालू होते आणि तो पत्र्याकडे पाहत राहिला. शेवटी हायकेने तिला खांबाआड ओढलं आणि सांगितलं. आदल्या दिवशी आन्तेला वर बोलावून हातात ताकीदपत्र दिलं होतं. कामाच्या वेळेत वारंवार जागा सोडतो, असा ठपका. पुरावा म्हणून ब्रुकमाननी त्याच्यापुढे तक्ता ठेवला: चार नंबर, इतर, इतर, इतर.

वसंतात आन्तेचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी अंगातलं पाणी उतरण्याच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यामुळे त्याला सारखं लघवीला जावं लागे. जाताना तो प्रत्येक वेळी न चुकता ‘इतर’ दाबायचा. बाकीचे कंटाळले की काहीही दाबत, नाहीतर दाबतच नसत. आन्तेने मात्र पोरीचं काम खरं व्हावं म्हणून इमानाने दाबलं होतं.

‘‘त्याला वाटतंय, त्याचं नाव तूच दिलंस,’’ हायके म्हणाली. ‘‘आणि खरं सांगू? आम्हा सगळ्यांनाच वाटतंय.’’

रोन्या जिना चढून वर गेली तेव्हा तिच्या कानशिलात ठणका उठला होता. तिने दार ठोठावलं आणि उत्तराची वाट न बघता आत शिरली. ब्रुकमान कॉफी पीत होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. प्रोग्रॅममध्ये नावं नव्हती, मग हे झालंच कसं, असं तिने विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की फाटकावरच्या हजेरीच्या यंत्रात कोण कोणत्या पाळीला कुठल्या मशीनवर होतं ते असतंच. त्यांनी फक्त दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवले.

‘‘तुमचं काम उत्तम आहे, फ्राउ हेबर्ले. मी कॉलेजला तसं कळवणार आहे.’’

‘‘तो माणूस आजारी आहे.’’

‘‘मग त्याने तसं सांगायला हवं होतं.’’

‘‘लघवीला जाऊ का, असं विचारायला तो काय बालवाडीत आहे?’’

ब्रुकमाननी कप खाली ठेवला. आवाज चढवण्याची त्यांना गरजच वाटली नाही. ते म्हणाले, रुजू होतानाच्या कागदावर सही करताना तिने वाचलंच असेल, इथे लिहिलेली प्रत्येक ओळ कारखान्याच्या मालकीची आहे आणि तिचं काय करायचं ते कारखाना ठरवेल.

‘‘मी खाली लोकांना शब्द दिला होता,’’ रोन्या म्हणाली.

‘‘तो द्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला होता?’’

तिचा संताप आणखी भडकला. ती तशीच बाहेर पडली. स्वच्छतागृहात जाऊन तिने तोंडावर गार पाण्याचे हबके मारले. आरशात स्वतःचा चेहरा पाहिला आणि तिला त्या चेहऱ्याचाही राग आला. कशी मी भाबड्यासारखी दर शुक्रवारी नोंद पाठवत होते, कशी शाबासकीने फुलून जात होते.

तिने कॉलेजातले मार्गदर्शक प्रोफेसर मेर्कले यांना फोन करून सगळं सांगितलं. ते समजुतीच्या स्वरात म्हणाले की प्रकरण अप्रिय आहे खरं, पण हा कारखाना गेली कितीतरी वर्षं आपल्या मुलांना घेतोय, अशा जागा मिळणं दिवसेंदिवस कठीण होतंय. तिने सत्र पूर्ण करावं. सादरीकरणाच्या शेवटी ‘शिकलेले धडे’ असा भाग असतोच, तिथे गोपनीयतेबद्दल एखादी ओळ टाकावी.

‘‘एखादी ओळ?’’ तिने विचारलं.

‘‘मोजक्या शब्दांत,’’ ते म्हणाले.

ती जागेवर येऊन बसली. सगळा प्रोग्रॅम, सगळ्या नोंदी समोर होत्या. दोन आज्ञा दिल्या असत्या तर होत्याचं नव्हतं झालं असतं. तिचे हात त्यासाठी अक्षरशः शिवशिवत होते. पण आधी ती समितीच्या खोलीत गेली आणि गुड्रुनला तेच म्हणाली: मी सगळं पुसून टाकते.

गुड्रुन तिच्यावर आधीच चिडलेली होती. ‘‘म्हणजे उद्या ब्रुकमानला म्हणता येईल, पोरीने कारखान्याचं नुकसान केलं. आणि माझ्या हातात काय राहील, तुझे अश्रू? एक अक्षर पुसू नकोस.’’ मग तिने एक खुर्ची पुढे ओढली. ‘‘मीही मूर्खच. सराव म्हणे. मान डोलावली मी. बस खाली. काय कुठून कुठे गेलं ते सांग, सावकाश, मला कळेल असं.’’

दोघी दुपारभर बसल्या. गुड्रुनने दोनदा कॉफी केली आणि दोनदा टेबलावर मूठ आपटली.

सादरीकरणाला वरच्या सभागृहात ब्रुकमान होते, त्यांचे दोन सहकारी होते, प्रोफेसर मेर्कले खास गाडी काढून आले होते. टेबलावर प्रेट्झेल, म्हणजे पिळाचे खारे पाव, आणि सफरचंदाचा रस ठेवला होता. ऐनवेळी गुड्रुन समितीच्या आणखी दोघांना घेऊन आली आणि मागच्या रांगेत बसली. तिला बोलावलंय कुणी, असं ब्रुकमाननी विचारलं. ‘‘मी,’’ रोन्या म्हणाली आणि सुरू झाली.

प्रोग्रॅम कसा बांधला, बटणं का मोठी केली, ते तिने आधी दाखवलं. मेर्कलेंचा चेहरा सैलावला. मग शेवटचा भाग आला. त्यात गोपनीयतेबद्दलची ती ओळ नव्हती. डावीकडे तिची नोंद होती, उजवीकडे हजेरीचे रकाने, आणि त्यातून एक माणूस कसा उघडा पडतो ते तिने बनावट नावाने पायरी-पायरीने करून दाखवलं. ती एकेक शब्द तोडून बोलत होती. ती संतापली आहे, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

‘‘तुम्ही मला घेतलंत, कारण विद्यार्थिनीच्या प्रोग्रॅमला कुणी परवानगी विचारत नाही,’’ ती ब्रुकमानना म्हणाली. ‘‘तुमच्या माणसाने हेच यंत्र बसवलं असतं तर करार करावा लागला असता. माझ्या तोंडून ‘हे मशीनचं आहे’ हे लोकांना खरं वाटलं. कारण मला ते खरं वाटत होतं. मी इथे काय शिकले विचारता ना? माणसांचा विश्वास बसेल असा चेहरा तुम्हाला हवा होता, प्रोग्रॅम तर कुणीही लिहिला असता. हे शिकले.’’

मेर्कले म्हणाले, वेळ संपत आलीय. ब्रुकमान म्हणाले, हा आरोप ते ऐकून घेणार नाहीत. मागून गुड्रुनने शांतपणे विचारलं की मग कामगार न्यायालयात ऐकाल का. त्यानंतर कुणीच प्रेट्झेलला हात लावला नाही.

प्रकरण न्यायालयापर्यंत गेलंच नाही. कारखान्याच्या वकिलाने कागद पाहिले आणि चारच दिवसांत ताकीदपत्र मागे घेतलं गेलं, टॅब्लेट उतरवायचा हुकूम निघाला. पेचकस घेऊन ते रोन्यानेच उतरवले. चार नंबरपाशी आल्यावर तिने आन्तेची माफी मागितली. त्याने प्रेस थांबवला, हातमोजे काढले आणि चिंधीने बोटं पुसली.

‘‘तू माफी मागतेस आणि तो वर कॉफी पितो,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या लघवीची चर्चा वकिलापर्यंत गेली. तो एकदा तरी जिना उतरला का? मला तुझी माफी नको. घरी जा, पोरी.’’

तो रागातच होता, आणि तो राग पुसायला ती आलीही नव्हती. तिने उरलेले स्क्रू काढले आणि पुढच्या प्रेसकडे गेली.

ब्रुकमान खुर्चीवर राहिले. रोन्याला ‘समाधानकारक’ एवढाच शेरा मिळाला. मेर्कलेंनी कारण लिहिलं, व्यावसायिक वर्तनात सुधारणेला वाव. तिने हरकत घेतली, ती फेटाळली गेली.

नोव्हेंबरात कॉलेजच्या मोठ्या दालनात कंपन्यांचा मेळावा भरला. पुढच्या सत्रासाठी मुलं तिथेच जागा ठरवतात. बिजागऱ्यांच्या कारखान्यानेही टेबल मांडलं होतं: चकचकीत बिजागऱ्यांचा फलक, फुकट पेनं, आणि टेबलामागे स्वतः ब्रुकमान. ‘खरं काम करा, खऱ्या माणसांसोबत’, असं वर लिहिलं होतं. रोन्याने ते वाचलं आणि तिला पुन्हा तोच ठणका जाणवला.

ती सरळ त्या टेबलाशेजारी जाऊन उभी राहिली. टेबलाकडे येणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवू लागली. मी इथे होते, म्हणायची, आणि काय झालं ते सांगायची. न सजवता, आन्तेचं नाव न घेता, तक्ता कुठून कुठे गेला त्यासकट. ब्रुकमाननी आधी ऐकलंच नाही असं दाखवलं, मग ते फोन घेऊन बाजूला गेले. थोड्या वेळाने मेर्कले आले आणि हळू आवाजात म्हणाले की तिने हे थांबवावं, कॉलेजचं नाव खराब होतंय.

‘‘मी खोटं बोलतेय का?’’ तिने विचारलं.

‘‘प्रश्न तो नाही.’’

‘‘माझ्यासाठी तोच आहे.’’

सुरक्षारक्षकाला बोलवावं लागेल, असं ते म्हणाले. तिने बोलवा म्हटलं. ते गेले. काही मुलं तिचं ऐकून दुसऱ्या टेबलाकडे वळली. काहींनी खांदे उडवले आणि अर्ज भरला. एका मुलाने सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि मग विचारलं, पण पगार देतात ना? ती त्याच्यावर ओरडणार होती. त्याऐवजी तिने त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, या वेळी जास्त सावकाश. दालनाच्या दुसऱ्या टोकाकडून मेर्कले रक्षकाला घेऊन येताना दिसत होते. तिचा घसा बसला होता, पण सांगायचं अजून बरंच बाकी होतं.