चौऱ्याण्णव टीसींचा वाढदिवस

रचनाच्या घरात खरी जन्मतारीख फक्त तिला एकटीला होती. सतरा फेब्रुवारी, सकाळी सव्वानऊ, बेळगावचा दवाखाना, कागदावर डॉक्टरीणबाईंची सही. बाकी सगळं घर एक जूनला जन्मलेलं. आप्पा, म्हणजे तिचे वडील मारुतीराव, एक जून. आई गुणाबाई एक जून. दोन्ही काका, आत्या, शेजारचा नागोजी आणि नागोजीची बायको, सगळे एक जून. उचगावात साठीच्या पुढचा कुणीही धरा आणि त्याचं आधार कार्ड बघा, एक जूनच निघणार. त्या दिवशी गावातल्या सुईणींनी जेवण तरी कधी केलं असेल, हा प्रश्न रचनाला लहानपणी खरोखर पडायचा.

कारण साधं होतं. शाळा जूनला उघडायची आणि नाव घालायला पोर सहा वर्षांचं लागायचं. मास्तर आईला विचारायचे, कधीचं पोर? आई सांगायची, तांबडी म्हस व्याली त्या वर्षीचं. म्हशीची तारीख मास्तरांना कोण देणार? मग ते पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे. कानाला हात लागला की पोर सहा वर्षांचं. चालू सालातून सहा वजा करायचे, पुढं एक जून लिहायचं आणि ओरडायचं, पुढचा. अशा रीतीनं एका दौतीतून निम्मं गाव जन्माला आलं. गुणाबाई म्हणायची, मास्तरांनी मला नवऱ्याच्याच दिवशी जन्माला घातलं, आमची तेवढीच पत्रिका जुळली.

रचना डिप्लोमा करून टिळकवाडीत उपेंद्र सरांच्या ऑफिसात लागली होती. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक लांबट खोली, सहा कॉम्प्युटर आणि पावसाळ्यात गळणारा एसी. परदेशातल्या कंपन्यांच्या याद्या तिथं नीट लावून दिल्या जात. रचनाची सहा महिन्यांची उमेदवारी एकतीस मेला संपत होती. काम पसंत पडलं तर कायम, नाही तर नमस्कार. आप्पांनी चौतीस वर्षं लाईनमन म्हणून खांबावर काढली होती. ते भेटेल त्याला सांगत, लाईटचं काम करून पंख्याखाली बसणारी आमच्या खानदानात ही पहिलीच. त्यामुळे ही खुर्ची गेली असती तर नुसती रचनाची गेली नसती.

तिच्या वाट्याला काम आलं होतं ते एका बेटाचं. पार पलीकडच्या समुद्रातलं बेट, नकाशात शोधायला गेलं तर माशीनं घाण केल्यासारखं दिसणारं. पण तिथं वीज होती, विजेची स्वतःची छोटी कंपनी होती, आणि त्या कंपनीकडे चार लाईनमन, शिडीची एक गाडी आणि एकशे एकसष्ट टीसी होते. टीसी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, उचगावात त्याला लहान पोरही टीसीच म्हणतं. कंपनीनं नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात प्रत्येक टीसीची माहिती भरायची होती: कुठे आहे, किती क्षमतेचा, कुणी बनवला, कुठल्या तारखेला बसवला. बेटावरून फोटो आले. खाऱ्या वाऱ्यानं पाट्या अशा खाल्ल्या होत्या की चौऱ्याण्णव टीसींचं साल वाचताच येईना.

रचना उपेंद्र सरांकडे गेली. ते फोनवर होते. तिचं म्हणणं त्यांनी अर्ध्या कानानं ऐकलं आणि सांगितलं की रकाना कोरा ठेवू नका, सॉफ्टवेअर घेत नाही, योग्य ते भरा. ‘योग्य ते’ या दोन शब्दांनी जगातल्या ऑफिसांत जेवढी नासधूस केली आहे, तेवढी उंदरांनीसुद्धा केलेली नसेल.

तिनं फोटो घरी नेले. आप्पांनी चष्मा लावला, मोबाईल हातभर लांब धरला आणि एकेक टीसी बघत साल सांगायला सुरुवात केली. टाकीला गोल नळ्या असल्या तर जुना. पत्र्याच्या चपट्या घड्या असल्या तर अलीकडचा. वरच्या चिनीमातीच्या शिंगांचा रंग, झाकणाचे बोल्ट, तेल दाखवणारी काच, सगळं बघून ते म्हणायचे, हा सत्त्याऐंशीचा. हा दोन हजार चारचा, पण आळशी माणसानं बसवलाय. मास्तर कान बघायचे, आप्पा बोल्ट बघत होते. तीन संध्याकाळी हे चाललं. चौऱ्याण्णव सालं भरली.

तारखेसाठी मात्र रचनानं कुणाला विचारलं नाही. पहिल्या ओळीत तिनं एक जून लिहिलं, रकान्याचा कोपरा धरला आणि चौऱ्याण्णव ओळी खाली ओढला. हसू आलं नाही, शंकाही आली नाही. तारीख माहीत नसली की एक जून, हे तिला श्वास घ्यावा तसं येत होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बेटावरच्या सॉफ्टवेअरनं डोळे उघडले. त्याला एक नियम शिकवलेला होता: प्रत्येक टीसी ज्या तारखेला बसवला, त्या तारखेला दरवर्षी दोन तास बंद करून तपासायचा. त्यानं यादी चाळली आणि एक जूनला चौऱ्याण्णव टीसींची तपासणी लावून टाकली. चार माणसं आणि एक शिडी. शिवाय सॉफ्टवेअर मोठं सभ्य, त्यानं त्या टीसींवरच्या सगळ्या घरांना आपणहून मोबाईलवर निरोप धाडला की एक जूनला आपल्याकडे वीज राहणार नाही, तसदीबद्दल क्षमस्व.

बेटावर गोंधळ माजला. मासळीवाल्यांनी दोन दिवसांत बेटावरचा सगळा बर्फ उचलला. एका मुलीचं लग्न त्याच दिवशी होतं, तिचा बाप वीज कंपनीच्या दारात खुर्ची टाकून बसला. रेडिओवरचा माणूस रोज सकाळी विचारू लागला की एक जूनला आपल्या बेटावर असं काय घडलं होतं, की चाळीस वर्षं बहुतेक टीसी त्याच दिवशी बसवावेत?

हे सगळं कळवलं ते तिथल्या इंजिनिअरनं, सॅम्युअलनं. त्याचं पत्र शांत होतं, आणि त्यामुळेच उपेंद्र सरांना घाम फुटला. त्यानं एवढंच लिहिलं होतं की परवा व्हिडिओवर बोलू, आणि त्यानंतर पुढचं काम, म्हणजे खांब आणि केबलच्या यादीचं, कुणाला द्यायचं ते ठरवू.

सरांनी रचनाला बोलावलं. एक जून कुठून आलं, असं विचारलं. तिनं सांगितलं. सर जुन्या शहरी घरातले, त्यांच्या पत्रिकेत जन्मवेळ पळांसकट. त्यांना पाच मिनिटं काही कळेना. मग कळलं आणि ते कपाळाला हात लावून बसले. शेवटी त्यांनी तोडगा काढला: सांगायचं की फाईल पाठवताना तारखा बिघडल्या.

“मग ते खरी फाईल मागतील, सर,” रचना म्हणाली. “ती कुठून आणायची?”

सर म्हणाले, ते बघू. आणि मग जरा थांबून म्हणाले, की तुम्हाला कायम केल्याचं पत्र मी टाइप करून ठेवलंय, सहीचं तेवढं राहिलंय. हे त्यांनी चांगुलपणानं सांगितलं की धमकी म्हणून, ते त्यांनाही नक्की ठाऊक नसावं.

बेटावरची दुपार म्हणजे इथली पहाट, म्हणून परवा सकाळी साडेसहाला ऑफिस उघडायचं ठरलं. इतक्या लवकर बस नव्हती. आप्पांनी तिला गाडीवरून आणलं आणि परत न जाता तेही वर येऊन बसले. सरांना ते आवडलं नाही, पण सकाळी साडेसहाला लाईनमनला हाकलण्याइतका त्यांचा आवाज जागा झालेला नव्हता.

पडद्यावर सॅम्युअल आला. पन्नाशीचा, जाडजूड, फुलाफुलांचा शर्ट. मागं कुठं तरी तो लग्नाचा बाप अजून बसलेला असावा, कारण सॅम्युअल अधूनमधून दाराकडे बघत होता. उपेंद्र सरांनी सुरुवात केली. इंग्रजी झकास होतं त्यांचं. फाईल, सर्व्हर, तांत्रिक अडचण, असं बरंच काही ते बोलले. सॅम्युअलनं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मूळ फाईल कधी मिळेल?

सरांनी रचनाकडे बघितलं. रचनानं आप्पांकडे बघितलं. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण सर थाप मारतायत हे कळायला भाषा लागत नाही, आणि आप्पांच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं.

रचना पुढं सरकली. तिनं सांगितलं की मूळ फाईल नाही. चौऱ्याण्णव पाट्या वाचता आल्या नाहीत. सालं माझ्या वडिलांनी फोटो बघून सांगितली, तारीख मी घातली, आणि आमच्याकडे ज्याची तारीख माहीत नाही तो एक जूनला जन्मतो. मग मास्तर, कान, म्हैस, सगळं सांगितलं. उपेंद्र सर खिडकीबाहेर बघत होते, जणू खाली झेरॉक्सच्या दुकानाला आग लागली होती.

सॅम्युअल हसला नाही. त्यानं विचारलं, तारीख खोटी, मग सालं तरी खरी कशावरून? त्यानं एक फोटो पडद्यावर लावला. हा बंदरावरचा टीसी, याचा कागद माझ्याकडे आहे, तुझ्या वडिलांना साल सांगू दे.

आप्पांनी चष्मा पुसला. पडद्यापाशी नाक नेलं.

“ब्याऐंशी,” ते म्हणाले. “न्हाय तर त्र्याऐंशी. त्याच्या फुडं न्हाय.”

रचनानं इंग्रजीत सांगितलं. सॅम्युअलनं कागद वर धरला: एकोणीसशे शहाण्णव.

सरांनी डोळे मिटले. रचना हळूच म्हणाली, “आप्पा, शहाण्णव हाय म्हनं.”

“व्हय, पाटी आसंल शहाण्णवची,” आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात खांबावर चढलेल्या माणसाची सावकाशी होती. “झाकण बी शहाण्णवचं. टाकी जुनी हाय गं. त्याला इचार, ह्यो पयल्या घरचा, का दुसऱ्या घरचा करून आणलाय?”

हे इंग्रजीत कसं सांगायचं याचा रचनानं क्षणभर विचार केला आणि साधं विचारलं, हा नवा घेतला होता की वापरलेला? सॅम्युअल उठून गेला. आतून कपाटं उघडल्याचे, कुणाला तरी हाका मारल्याचे आवाज आले. सात मिनिटांनी तो धुळीनं भरलेली एक पुठ्ठ्याची फाईल घेऊन परतला. शहाण्णवच्या वादळानंतर शेजारच्या मोठ्या बेटानं तो टीसी भेट दिला होता. रंगवून, झाकण बदलून, नवी पाटी ठोकून. आतल्या कागदावर टाकीचं साल होतं: ब्याऐंशी.

“दानाच्या गाईचे दात मोजू नयेत म्हंतात,” आप्पा म्हणाले. “म्हणून कुणी मोजलंच न्हाईत.”

ते रचनानं इंग्रजीत सांगितलं, आणि मग मात्र सॅम्युअल इतका हसला की दारातला लग्नाचा बाप आत डोकावला.

पुढचं बोलणं कामाचं झालं. रचनानं सुचवलं की तारखेशेजारी आणखी एक रकाना करू: पक्कं की अंदाज. अंदाज असेल तिथं कुणाचा, तेही लिहू. आणि तपासणी वाढदिवस बघून करू नका, आप्पांनी फोटोंत तेल गळताना पाहिलेले अकरा टीसी आहेत, ते आधी घ्या, बाकीचे वर्षभर वाटून टाका. सॅम्युअलनं लिहून घेतलं. अकरापैकी एक तिथल्या दवाखान्याजवळचा निघाला, त्याची तपासणी त्यानं त्याच आठवड्यात लावली. एक जूनचा निरोप मागं घेतला गेला. लग्न दिव्यांत झालं. बर्फाचं मात्र काय झालं, ते कुणी कळवलं नाही.

खांब आणि केबलचं काम उपेंद्र सरांच्याच ऑफिसला आलं. सॅम्युअलनं त्यात एक अट घातली की ‘अंदाज’च्या रकान्यात नाव मारुतीरावांचंच हवं. सरांनी ती मान्य केली, आणि तांत्रिक अडचणीचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

एकतीस मेला त्यांनी रचनाला पाकीट दिलं. तिनं ते ऑफिसात उघडलं नाही. घरी आल्यावर पुढच्या सोप्यात बसून आप्पांच्या समोर उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. नाव बरोबर, पद बरोबर, सरांची सही झोकात. कायम सेवेची तारीख: एक जून.

गुणाबाई आतून भाकरीचं पीठ लागलेले हात घेऊन आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली, कारण बापलेक दोघंही बोलायच्या स्थितीत नव्हते.

“काय न्हाय गं,” आप्पा डोळे पुसत म्हणाले. “पोरगी एवढी वर्षं सतरा फेब्रुवारी सतरा फेब्रुवारी करत हुती. आली शेवटी आमच्यात.”

रचनानं पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं. मग उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावून बघितला. लागला.