दुभाष्याची आई

अफगाणिस्तानातून कॅनडाचं सैन्य परतणार होतं. बंडखोरांशी लढणाऱ्या तिथल्या फौजेला सल्ला द्यायला मागे कोण थांबेल, याचा आराखडा अनुया ऑटावाच्या संरक्षण खात्यात बसून करत होती. सल्लागारांबरोबर दुभाषा झलमयही थांबणार होता.

तिने त्याला फोनवर विचारलं, "घरी कोण असतं?"

"म्हातारी आई. माझं काम गावाला कळलंय, बंडखोर तिला सोडणार नाहीत."

अनुयाने आराखड्यात एक ओळ जोडली: दुभाष्यांच्या घरच्यांना आधी देशाबाहेर काढावं.

साहेब म्हणाले, "हे आपल्या खात्याच्या कामात येत नाही."

"सर, आईच्या काळजीत तो काम कसं करेल?"

साहेबांनी सही केली.

मार्चमध्ये ऑटावाच्या विमानतळावर ती म्हातारी पातळ शालीत कुडकुडत बाहेर आली. अनुयाने आपलं जॅकेट तिच्या अंगावर चढवलं. मालिका बघून शिकलेल्या हिंदीत म्हातारीने विचारलं, "बेटी, तुझे ठंड नहीं लगेगी?"